थायरॉइडची म्हणून सांगितलेली गोळी

आमच्या करडी गावात माझ्या तोंडाला कोणी लागत नाही. राशन दुकानदाराला मी चारचौघांत उभं-आडवं घेतलेलं आहे. पण ‘छाती’ हा एवढासा शब्द माझ्या तोंडातून निघेना. नागपूरला डावी छाती काढली, तेव्हा गावात सांगितलं, पोटाचं ऑपरेशन. जखम भरेपर्यंत जवाहरनगरला भावाच्या क्वार्टरमध्ये राहिले. परत आले ती ब्लाउजमध्ये कापडाची घडी खोचून. खरं काय ते गावात फक्त नवऱ्याला ठाऊक.

मग रोज एक गोळी सुरू झाली. डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं, तुमचा कॅन्सर बायकांच्या हार्मोनवर पोसला जातो. पेशीला जणू कुलूप आहे आणि हार्मोन तिची किल्ली. ही गोळी आधीच कुलपात जाऊन बसते, मग किल्ली चालत नाही. गोळी चालू असताना दिवस राहता कामा नयेत, पोटातल्या लेकराला धोका, हेही बजावलं. गोळीनं अंगातून वाफा निघायच्या, अंगही सुटलं. बाया विचारू लागल्या, तसं मी म्हणून टाकलं, "थायरॉइड आहे मले."

बाजूच्या घरात माझी धाकटी जाऊ. अंगण एकच. मीठ, विरजण, डोकेदुखीची गोळी, आमच्यात काही मागायची रीतच नाही. जिला लागलं तिनं घ्यावं. तिला मात्र खरंच थायरॉइड. तिच्यात थायरॉइडच्या हार्मोनची किल्लीच कमी पडायची आणि तिची गोळी म्हणजे किल्लीच. लग्नाला इतकी वर्षं होऊनही पाळणा हलला नव्हता, आणि त्या पावसाळ्यात तिची पाळी चुकली. हे तिनं फक्त माझ्या कानात सांगितलं होतं.

भातलावणीचा रोवणा ऐन भरात होता. तिच्या गोळ्या सरल्या आणि भंडाऱ्याला जायला कोणी मोकळं नव्हतं. सकाळी आम्ही बाया भाताच्या बांदीत वाकून परे, कोवळी रोपं, लावत होतो. जाऊ बांधावर, धुऱ्यावर चढली, तिथं ठेवलेली माझी पिशवी उघडली आणि गोळ्यांच्या पत्त्यातली एक काढली.

"बाई, तुमची एक गोळी घेऊन राहिली मी. दोघीची बिमारी तं एकच."

"राहू दे वं. माही वेगळी आहे."

"कंपनी वेगळी असन," ती हसली.

सगळ्या बाया माना वर करून बघू लागल्या. आणि मी, तोंडाळ म्हणून नावाजलेली, गप्प. आता बोलले तर सगळ्यांच्या नजरा माझ्या पदराकडे जाणार, एवढंच डोक्यात. तिनं गोळी तळहातावर घेतली. लोटा उचलला. हात तोंडापाशी नेला. तेव्हा कुठे मी चिखल तुडवत धावले आणि तिचा हात झटकला. गोळी चिखलात गेली.

ती माझ्यावर उसळली. "एका गोळीसाठी? का माह्यं लेकरू खुपते तुमच्या डोळ्यात?"

"अवं, कॅन्सरची गोळी हाये ते! माह्या छातीची! लेकराले बाधली असती ना!"

बांदीत कोणाचा हात हलेना. मला त्याच चिखलात गडप व्हावंसं वाटलं. जावेनं लोटा खाली ठेवला, माझ्या हाताचा चिखल आपल्या पदरानं पुसला आणि रडायला लागली. त्याच दुपारी माझा नवरा गाडीवर जाऊन तिच्या गोळ्या घेऊन आला.

तिची पोरगी आता मला मोठीमाय म्हणते, माझ्याच ताटात जेवते. घरी पाहुणे आले की जाऊ पोरीला पुढे करते आणि कौतुकानं सांगते, "बाईनं लाज सोडली, म्हणून हे आहे." पाहुणे माझ्याकडे बघून मान डोलवतात, आणि मी भाजी वाढायच्या निमित्तानं आत जाते. तिनं पत्ता फोडला तेव्हाच मी पाहिलं होतं. गोळी तोंडाशी जाईपर्यंत मी माझा पदर सांभाळत उभी होते.