वाळूचा कान

पंचवटीत कुणी लाउडस्पीकरवाल्या वाळूला नवी वस्तू दाखवली आणि त्यानं ती चांगली म्हटली, असं कधी घडलं नव्हतं. नवा डेक दाखवा, "डबडं हाय" म्हणणार. मुंबईहून आणलेले स्पीकर दाखवा, "खोकी बरी हायेत, कोंबड्या ठेवा" म्हणणार. पंचवीस वर्षं लग्नांत नि गणपतीत याचेच कर्णे वाजले. कर्ण्यापासून हातभर अंतरावर उभं राहून "हॅलो, हॅलो" करण्यात याचं तारुण्य गेलं. मग डीजेवाले आले, त्यांनी स्पीकरच्या भिंती रचल्या आणि वाळूचे कर्णे माळ्यावर गेले. उरला तो कान. "वायर सैल असली तर मला रस्त्यावरनं कळतं," हे तो न विचारता सांगायचा. लोकांना राग यायचा, पण मानायचे.

मानायची नाही ती एक बायको, भागीबाई. आणि तिचा कुकर. कुकर शिट्टीच देत नाही, असं वाळूचं दोन वर्षांचं म्हणणं. त्यानं दोनदा रिंग बदलली, एकदा शिट्टीही नवी आणली.

"अहो, तीन झाल्या की!" भागीबाई म्हणायची.

"फुस्स करून वाफ गेली, तिला शिट्टी म्हणायचं? डोकं फिरलंय का तुझं?"

बातम्या देणाऱ्या बायकांवरही त्याचा राग. हल्ली एकीलाही 'स' धड म्हणता येत नाही, कुठून पकडून आणतात कोण जाणे!

दोन हजार आठ साली कॉलेज रोडवरच्या शामसुंदर साहेबांनी भिंतीवरचा चपटा टीव्ही घेतला. साहेब बँकेतून निवृत्त झालेले. चित्र झकास, पण आवाज उशीत तोंड खुपसून बोलल्यासारखा. त्यांनी वाळूला बोलावलं. त्यांच्या बिल्डिंगमध्ये अकरा घरं होती, आणि दिवाळीपर्यंत निम्म्या भिंतींवर टीव्ही चढणार होते. "तुमचं काम पटलं, वाळूभाऊ, तर सगळ्यांना तुमचंच नाव सांगतो," साहेब म्हणाले. माळ्यावर कर्णे ठेवून बसलेल्या माणसाला आणखी काय हवं होतं?

दोघं महात्मा गांधी रोडवरच्या एका दुकानात गेले. दुकानदारानं रंगीत खोका पुढं केला. खोक्यावर ठळक लिहिलेलं: पाच हजार वॉट, पीएमपीओ.

"पीएमपीओ म्हणजे काय, ठाऊक हाय?" वाळूनं विचारलं. "पैसे मोजा, पुढे ओरडा!"

मग त्यानं यंत्र उलटं केलं आणि मागची बारीक अक्षरं साहेबांना वाचायला लावली. वीज लागणार साठ वॉट. "म्हणजे एका बल्बाची वीज खाणार आणि पाच हजार वॉट ओकणार! अरे, असं असंल तर तुझं दुकान याच्यावरच चालव की. लोडशेडिंगची कटकट गेली." दुकानदाराचं तोंड एवढंसं झालं. वाळूची खरी पद्धत वेगळी होती. तो अँप्लिफायर तळहातावर उचलून तोलायचा. आत ट्रान्सफॉर्मर धड असला की हात खाली जातोच. असे सहा तोलून त्यानं एक काळा, बिनदिव्यांचा अँप्लिफायर आणि दोन लाकडी स्पीकर काढले. साहेबांच्या इन्व्हर्टरवर टीव्हीसकट आरामात चालतील असे. निवड चोख होती, त्यात खोट नव्हती.

घरी त्यानं टीव्हीच्या दोन्ही अंगांना, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर स्पीकर लावले. साहेबांच्या घरचं अर्थिंग तपासलं, फळ्या ठोकायला आलेल्या सुतारालाही दोन शिव्या हासडल्या, कारण नसताना. मग बातम्या लावल्या आणि सोफ्यावर बसून डोळे मिटले.

"झालं! ट्विटर मेलंय," तो उठून म्हणाला. "बारीक आवाजाचा हा छोटा स्पीकर दुकानातनंच मेलेला आलाय. तरी म्हणतो, बाईला 'स' का येत नाय!"

त्यानं ट्रेबलचं बटण फिरवलं. अजून फिरवलं. पार टोकाला नेलं.

स्वयंपाकघरातून साहेबांच्या पत्नी कुसुमवहिनी ओरडल्या, "अहो, बंद करा ते! कानात सुई घातल्यासारखं होतंय."

"वहिनी, तुम्ही भाजी बघा. हे कानाचं काम हाय."

साहेब मात्र कानावर हात ठेवून बसले होते. ते वाळूनं पाहिलं. त्यानं एक स्पीकर बंद केला, दुसरा उघडला, ट्विटरला कान चिकटवला. काहीच नाही. मग त्यानं आपली जुनी परीक्षा लावली. नव्या पोरांना कामावर घेताना तो त्यांना पाठ फिरवून उभं करायचा आणि एक वायर काढायचा नि लावायचा. वायर कधी निघाली, ते पोरानं सांगायचं. न ओळखणाऱ्याला "बहिऱ्या, फुलं विकायला जा" म्हणून हाकलायचा.

त्यानं ट्विटरची वायर काढली.

"आत्ता बरं झालं," आतून वहिनी म्हणाल्या.

त्यानं लावली.

"पुन्हा लावलंत का?"

काढली. लावली. काढली. आत विळीवर गवार चिरणारी बाई पाचही वेळा बरोबर सांगत होती. वाळूच्या हातात तार होती, नाकासमोर स्पीकर होता, आणि त्याला एकदाही काही कळलं नव्हतं.

त्यानं वायर पुन्हा जोडली, बंद केलेला स्पीकरही सुरू केला. मग झाकण लावून म्हणाला, "वहिनी, जरा या. हे बटण तुम्ही फिरवा. बरं वाटेल तिथं थांबा."

कुसुमवहिनींनी पदराला हात पुसले आणि बटण बरोबर मध्यावर आणून सोडलं.

"कसं आहे आता, वाळूभाऊ?" साहेबांनी विचारलं. "तुमचा कान काय म्हणतो?"

"चांगलं हाय," वाळू म्हणाला. साहेब चकितच झाले. त्यांनी तिथल्या तिथं फोन उचलला आणि वरच्या मजल्यावर त्याचं नाव सांगून टाकलं.

वाळू घरी आला तेव्हा कुकर गॅसवर होता. तो चपलांसकट स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला आणि बघत बसला. शिट्टी थरथरली, उचलली गेली, वाफेचा लोट वर गेला. त्याला फुस्स तेवढं ऐकू आलं.

"झाली का?" त्यानं विचारलं.

"दुसरी," भागीबाई म्हणाली. "आता म्हणा, रिंग खराब हाय."

"नाय," वाळू म्हणाला. "कुकर चांगला हाय."

भागीबाईनं गॅस बारीक केला आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.