शेवटच्या रांगेला पोळी पुरली नाही

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी उंदरांच्या खोलीत उरलेलं खाद्य तोलत होते. कळंबच्या पुढे, हायवेलगत आमची प्रयोगशाळा आहे. जनुकीय बदल केलेला मका खायला सुरक्षित आहे का, हे पाहण्यासाठी उंदरांना तेरा आठवडे तो खाऊ घालत होतो. पहिल्या रांगेला साधा मका, दुसरीला नवा मका थोडा, तिसरीला भरपूर. कुणी किती खाल्लं ते रोज मोजायचं, शेवटी रक्त आणि यकृत तपासायचं. ठरलेल्या खाद्याशिवाय त्यांच्या पोटात कणही जाता कामा नये.

घरी मी ‘फूड टेस्टिंग’ एवढंच सांगितलं होतं. आम्ही जैन. तेरा आठवड्यांनंतर उंदरांचं काय होतं हे कुणी विचारलं नाही, मीही बोलले नाही.

त्या दिवशी पहिल्या दोन रांगांनी कमी खाल्लं होतं, तिसरीने नेहमीएवढंच. काटा शून्यावर आणून पुन्हा मोजलं. तेच. मग एका पिंजऱ्याच्या भुशात पिवळसर कण दिसला. नियम मोडून मास्क खाली केला. जायफळाचा वास.

आमचे मदतनीस मामा पाण्याच्या बाटल्या भरत होते. पिंजरे धुणं, भुसा बदलणं त्यांच्याकडे. आंबेगावच्या पश्चिमेकडच्या डोंगरातले. घरी भात, नाचणी आणि दोन बैल. प्रयोगशाळेत माझ्याशी आपणहून बोलणारे ते एकटेच.

“मामा, काल ह्यांना काही दिलं का?”

“पोळा व्हता ना, ताई.” ते हसले. “नखाएवढं दिलं एकेकाला. बैलांना भरवलं, म्हनलं हे बी आपल्यासाठीच राबत्यात की.”

“सगळ्यांना?”

“दोनच पोळ्या आनल्या व्हत्या. शेवटच्या रांगेला पुरली न्हाई. लई वाईट वाटलं.”

सगळ्यांना दिली असती तर तिन्ही रांगांत चूक सारखीच झाली असती. आता तिसरी रांग वेगळी दिसली तर ते मक्यामुळे की पोळीमुळे, हे कुणाला सांगता येणार नव्हतं.

माझा चेहरा बघून मामांचं हसू गेलं. “लिवू नका, ताई. साहेब काढून टाकतील मला. एका दिवसाचं तर हाय. काटा काय चुगली करतोय व्हय?”

फॉर्मवर कारणाचा रकाना होता. तिथे ‘अज्ञात’ लिहिलं असतं तर कुणी विचारलंही नसतं. मी पेन धरून उभी राहिले. आमचा अहवाल वाचून उद्या कुणीतरी हा मका खाणार होतं.

“पोळीत काय काय होतं?” मी विचारलं.

मामांनी हातातली बाटली खाली ठेवली. मग म्हणाले, “डाळ. गूळ. गव्हाचं पीठ. जायफळ. तूप न्हाई लावलं, त्यांना पचलं नसतं.”

मी एकेक लिहीत गेले. पुरणपोळीला इंग्रजी शब्द सुचेना. मग त्या इंग्रजी फॉर्मवर तेवढा एक शब्द मराठीत लिहिला.

साहेबांनी तो दोनदा वाचला. “मामा, हे उंदीर आहेत. बैल नाहीत.”

“व्हय, साहेब.”

“हे करायचं म्हणून कुणाला विचारलं होतं?”

मामांनी माझ्याकडे पाहिलं नाही. “कुनाला न्हाई.”

हे खरं नव्हतं. शनिवारी भुसा बदलता बदलता ते मला म्हणाले होते, “उद्या पोळा. ह्यांचं बी तोंड गोड करू.” मला ते ऐकू आलं होतं, कळलंही होतं. नाही म्हणायला तोंड उघडावं लागतं, म्हणून मी नुसती हसले होते.

“सर,” मी म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की साहेबांनी मान वर केली. “मला त्यांनी आधी सांगितलं होतं. मी अडवलं नाही.”

मामा जमिनीकडे बघत होते.

मला लेखी समज मिळाली. मामांना काढलं नाही, गेटवर बसवलं. तो अभ्यास रद्द झाला. उंदीर तेरा आठवडे व्हायच्या आतच गेले, तिसऱ्या रांगेतलेही, आणि नवी खेप आली.

मामा अजून मला ताईच म्हणतात. गेट उघडतात, पाऊसपाण्याचं बोलतात. आतल्यांचं मात्र एकदाही विचारत नाहीत.