उलट्या सुताची विडी

विडीच्या पानाची कातरण कशी असते बघा. सकाळी झाडून बाहेर टाकली, की संध्याकाळी कोपऱ्यात पुन्हा ढीग! आमच्या विडी कामगार युनियनच्या खोलीत किस्से तसेच साचतात. मी तिथे चहा करतो, झाडू मारतो, कुलूप लावतो. त्याआधी कारखान्यात भट्टीवर होतो, विड्या शेकायचो. शाळा चौथीपर्यंत. बोलतो हळू, म्हणून माझा किस्सा पुरा व्हायच्या आत लोक चहा संपवून उठतात. म्हटलं, यंदा लिहूनच टाकू. मधेच उठलात तरी मला दिसणार नाही!

*

आधी सुमनताई सांगतो. त्या आमच्या अध्यक्ष. घरी बसून विड्या वळतात, मुलगी मेघा नर्सिंग शिकते ती त्याच विड्यांवर. सुमनताई डावऱ्या. सगळ्यांच्या विडीचं सूत एकीकडे फिरतं, त्यांचं दुसरीकडे. हजार विड्यांत त्यांची एक टाका, मी काढून देतो.

दुसरे मुन्नालालजी, कंपनीचे सट्टेदार. म्हणजे बायकांना तेंदूची पानं आणि जर्दा देणारे, आणि वळलेली विडी तपासून घेणारे. पानाला ते पत्ता म्हणतात, आम्हीही तेच म्हणतो. जी विडी त्यांना पसंत नाही ती छाट. छाटीची मजुरी नाही, पण छाटलेली विडी परतही मिळायची नाही! ती जायची मुन्नालालजींच्या कुर्त्याच्या खिशात.

सुमनताई समोर दिसल्या की छाट वाढायची.

"यह सूत उल्टा है, बाई."

"ओढणाऱ्याला धूर सरळच येतो ना, मुन्नालालजी?"

"जबान भी उल्टी है!"

*

या छाटीवरूनच मागे संप झाला. मागणी अशी, की छाटलेली विडी वळणारीच्या डोळ्यांसमोर मोडायची. कोणाच्या खिशात जाणार नाही.

तुकोगंजला कंपनीचं ऑफिस आहे, त्याच्यासमोर बायका धरण्यावर बसल्या. आमचे सेक्रेटरी वाघमारे भिया (भिया म्हणजे भाऊ, इकडे कोणालाही म्हणतात), त्यांचे आजोबा महूला फौजेत होते. त्यामुळे सगळं शिस्तीत. त्यांनी मागण्या छापलेल्या पर्च्यांचा गठ्ठा बायकांजवळ ठेवला आणि माइक आणायला गेले.

परत आले तर पर्चा एकही नाही!

बायकांचे हात कधी रिकामे बसले आहेत का? बोलता बोलता सगळे पर्चे वळून झाले होते. मधोमध सूत बांधून, टोकं नखानं दाबून, पंचवीस-पंचवीसची बंडलं लावून तयार!

भियांनी कपाळावर हात मारला. "अहो, ते वाटायचे होते!"

"मग वाटा ना," सुमनताई म्हणाल्या. "कोण नाही म्हणतंय?"

वाटले. येरवी लोक पर्चा हातात घेतात आणि पुढच्या वळणावर टाकतात. त्या दिवशी एकानंही टाकला नाही. फुकटची विडी समजून रिक्षावाले मागून मागून घेत होते, आणि सूत सोडून शेवटच्या ओळीपर्यंत वाचत होते. एक जण तर परत आला. म्हणाला, "भिया, दूसरा वाला नहीं है क्या? यह तो पढ़ लिया."

*

संपाच्या आधी युनियननं तब्येतीचा कॅम्प लावला होता. डॉक्टरसाहेब आले. भले माणूस. तंबाखूनं काय काय होतं ते चित्रं दाखवून सांगितलं. मग विचारलं, "तुमच्यापैकी विडी कोण कोण ओढतं?"

शंभरेक बायका. एकीचाही हात वर नाही!

डॉक्टर खूश. तेवढ्यात बॅनरच्या मागून धूर निघाला. मागोमाग खोकला. मागोमाग वाघमारे भिया.

सुमनताई उठल्या. "डॉक्टरसाहेब, आमचा धंदा तुम्ही बंद करा, आम्ही हार घालू. आमच्याही छातीत जर्द्याची धूळ जाते. पण आधी आमच्या मुलींना तुमच्याकडे कामाला घ्या."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टरांनीही वाजवल्या. आणि मेघाला दवाखान्यात शिकायला बोलावलंही! आता भिया खोकल्याचं औषध आणायला गेले, की ती दारातच म्हणते, "काका, आधी खिसा दाखवा."

*

संपाच्या मधेच एका बुधवारी सगळ्या बायका खजरान्याला गणपतीला गेल्या. भिया देवळात जात नाहीत. ते बाहेर सगळ्यांच्या चपला सांभाळत उभे राहिले, त्याही लाइनीत लावून.

आत रांगेत पुढे कोण? मुन्नालालजी!

सुमनताईंनी विचारलं, "तुम्ही काय मागितलं?"

"की तुमच्या युनियनचं तोंड बंद व्हावं. आणि तुम्ही?"

"तुमच्यासाठी चश्मा."

कारण मुन्नालालजींना जवळचं दिसत नाही. विडी नाकाला लावून बघतात, आणि शेवटी बोटांनीच पारखतात. पण तो माणूस मनाचा वाईट नाही. बाहेर येऊन त्यांनी सगळ्या बायकांना प्रसादाचे लाडू वाटले. तो लाडू संपेपर्यंत युनियन अगदी गप्प होती!

*

शेवटी बोलणी झाली. सुमनताईंनी मुन्नालालजींच्या चश्म्याचीही मागणी घातली, ती कंपनीनं लगेच मान्य केली. मोडायच्या मागणीवर फार घासाघीस झाली, पण तीही मान्य झाली, आणि करारात दोन्ही लिहिलं गेलं.

चश्मा आला. मुन्नालालजींनी तो कपाळावर चढवला आणि तिथेच ठेवला.

"खाली घ्या की," बायका म्हणायच्या.

"लगाने का लिखा है. कहाँ लगाने का, यह नहीं लिखा!"

पण छाटलेली विडी आता समोर मोडावी लागे. मोडताना त्यांचं तोंड असं व्हायचं, की मला दया यायची. जन्मभर फुकट ओढलेला माणूस! त्याचा राग त्यांनी सुमनताईंवर काढला. एका सोमवारी सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, तुमचा हात म्हातारा झाला. आजपासून तुमचा पत्ता बंद."

पत्ता बंद म्हणजे काम बंद. मेघाचं शिक्षण अजून बाकी.

भिया उसळले. "उद्यापासून हडताल!"

सुमनताई म्हणाल्या, "माझ्या एकटीपायी इतक्या घरांची चूल बंद करू नका, भिया."

आणि खोलीत येऊन बसल्या. त्यांचे हात मांडीवर होते आणि काहीच वळत नव्हते. इतक्या वर्षांत ते मी पहिल्यांदा पाहिलं. मी चहा दिला. तो तसाच गार झाला. मी दुसरा केला.

*

त्याच आठवड्यातली गोष्ट. युनियनच्या खोलीखाली पानाची टपरी आहे. सुमनताई, भिया आणि मी बाकावर चहा घेत होतो. मुन्नालालजी आले. आमच्याकडे पाठ करून टपरीवाल्याला म्हणाले, "भिया, एक बंडल देना."

टपरीवाल्याचा हात हवेतच राहिला. मुन्नालालजी आणि विकत!

"कौन सा?"

"अपनी कंपनी का, और किसका?"

बंडल घेतलं. कागद फाडला. आणि सवय ती सवय, ओढायच्या आधी एकेक विडी बोटांत फिरवून छाट काढायला लागले! चश्मा कपाळावर. एक दाबली, ठेवली. दुसरी दाबली, ठेवली. टोक चाचपलं, कानाजवळ नेऊन वाजवून पाहिली. अख्खं बंडल झालं, एकही छाट नाही.

मग एक पेटवली. डोळे मिटले. नाकातून धूर सोडला.

"वाह!" ते टपरीवाल्याला म्हणाले. "याला म्हणतात हात! न ढीली, न कसी. ही जिनं वळली, तिला मी घरी जाऊन पत्ता देईन. ऐसा हाथ आजकल बचा ही कहाँ है!"

विडीचं सूत आम्हाला बाकावरूनच दिसलं होतं. भिया उठायला लागले. सुमनताईंनी त्यांना बाही धरून खाली बसवलं. पेला बाकावर ठेवला, पदर नीट केला आणि शांतपणे म्हणाल्या,

"मुन्नालालजी, आता चश्मा खाली घ्या."