नदीच्या अलीकडचं हॉटेल

मुलीला सातवा लागला तेव्हा मी तिला फोनवर सांगून टाकलं, "पयलं बाळंतपण माहेरीच होईन." ती हसली. ती राहते व्हिएन्नाला आणि आम्ही कारंज्याला. तिच्या डॉक्टरीणबाईंनी विमानप्रवासाला साफ नाही म्हटलेलं. "मंग माहेर तिकडं येईन," मी म्हणाले. बोलून मोकळी झाले खरी, पण मग लक्षात आलं की आता माहेर शोधावं लागणार, आणि तेही मोबाइलवर.

जावई गुणी माणूस. त्यांनी लगेच एक हॉटेल सुचवलं, त्यांच्या इमारतीच्या अगदी मागचं, चालत दोन मिनिटं. मी नको म्हणाले. दोन मिनिटांवर कसलं माहेर? चपला घालेपर्यंत सासर येतं. माहेरी जायचं म्हणजे पिशवी भरावी लागते, कोणीतरी न्यायला यावं लागतं, निदान एक तिकीट तरी काढावं लागतं.

"आई, अठी कोणी सासर-माहेर करत नाही वं," मुलगी म्हणाली.

"म्हणून तं आमी येऊन राह्यलो," मी म्हटलं.

खरं सांगायचं तर रीतभात सांभाळणारी बाई मी नव्हेच. कामरगावच्या शाळेत मास्तरीण होते, चतुर्थीचा उपास बाराच्या सुट्टीत डबा खाल्ल्यावर आठवायचा. पण ही एक रीत मला हवीच होती, कारण माझ्या वाट्याला ती आली नव्हती. माझी आई माझ्या लग्नाआधीच गेली. माझं पहिलं बाळंतपण सासरी झालं. सासूबाई वाईट नव्हत्या, वेळेवर सगळं दिलं त्यांनी. तरी त्या सव्वा महिन्यात मी एकदाही कोणावर खेकसले नाही, एकदाही आज उठत नाही असं म्हटलं नाही. तेवढं बिनधास्त माहेरीच होता येतं. ते मला माझ्या लेकीला द्यायचं होतं.

आमचे हे भाजीपाला पिकवतात. संध्याकाळी मेथीच्या जुड्या बांधून झाल्या की आम्ही दोघं मोबाइल घेऊन बसायचो. घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून, असं म्हणणाऱ्यानं परदेशात हॉटेल शोधलेलं नसणार. माझ्या अटी ठरलेल्या. स्वयंपाकाची सोय पाहिजे, कारण डिंकाचे लाडू आणि हिरव्या मुगाची खिचडी कोणतंही हॉटेल देणार नाही. भाजीबाजार जवळ पाहिजे. बाळाला अंघोळीनंतर कोवळं ऊन पाहिजे. धुरीचं विचारलं तेव्हा मुलगी म्हणाली, "आई, धुरी केली तं फायर ब्रिगेड येईन." ती अट मी सोडली.

शेवटी एक सापडलं. नवी इमारत, मोठ्या खिडक्या, ओटा, फ्रीज, सगळं. यांनी हौसेनं बुकही करून टाकलं. दुसऱ्या दिवशी मी नकाशा मोठा करून पाहत होते तर मुलीचं घर आणि हॉटेल यांच्या मधोमध एक रुंद निळी पट्टी.

"हे काय होय वो?" मी विचारलं.

"नदी हाय," हे म्हणाले. "दिसून तं राह्यली."

दिवस भरत आलेल्या पोरीनं माहेरी येताना नदी ओलांडायची? आमच्याकडे गरोदर बाईला ओढासुद्धा ओलांडू देत नाहीत. मी त्याच मिनिटाला मुलीला फोन लावला आणि हे हॉटेल रद्द करायचं म्हणून सांगितलं.

"मी तं रोजच नदी ओलांडतो," ती म्हणाली. "माहं ऑफिस तिकडंच हाय."

"ऑफिसले जाणं येगळं, माहेरी येणं येगळं."

मग मात्र ती चिडली. "तुले माह्यापेक्षा रीतच मोठी हाय. इतकं असन तं येऊच नका तुमी." फोन ठेवला तो ठेवलाच. दोन दिवस ना फोन ना मेसेज. हे माझ्याशी बोलत होते, पण जेवढ्यास तेवढं. चूक माझी होती हे मला कळत होतं, आणि तसं कबूल करायला जीभ रेटत नव्हती. माझा स्वभावच मेला असा.

तिसऱ्या दिवशी मी तिला आवाज रेकॉर्ड करून पाठवला. तिच्या जन्माच्या वेळचं सांगितलं, जे कधीच सांगितलं नव्हतं. सव्वा महिना कसा तोंड मिटून काढला, ते. शेवटी म्हणाले, "तुले जसं बरं वाटन तसं कर. तुह्या घरामागच्या हॉटेलातही येतो आमी."

दुपारी तिचं उत्तर आलं. घरासारख्या एका हॉटेलाचे फोटो आणि खाली चार ओळी. "नदीच्या अलीकडं हाय. ट्रामचे पाच स्टॉप. किचन हाय, बाजार खालीच भरते. बाबाले म्हण ऊन पाहून घ्या." मी तो मेसेज किती वेळा वाचला, सांगायची लाज वाटते.

यांनी उपग्रहाचा नकाशा उघडला. नवी वाडी लावायची जागा पाहावी तशी त्यांनी ती इमारत पाहिली. समोरच्या घरांच्या सावल्या कुठवर पडतात ते बोटानं मोजलं. मग म्हणाले, "पूर्वेले शाळेचं मैदान हाय, आड काहीच नाही. सकायचं ऊन थेट पलंगावर येईन. करा पक्कं."

एप्रिलमध्ये आम्ही पोचलो. पहिले दोन दिवस मुलीकडेच होतो. जावयांनी स्वतः भात लावला, भांडी घासली, मला ओट्याजवळ फिरकूही दिलं नाही. तिसऱ्या दिवशी आम्ही आमच्या जागेत गेलो, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी हे ट्रामनं जाऊन लेकीला घेऊन आले. मी दारात तिच्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. ती आत आली, पलंगावर आडवी झाली आणि झोपून गेली.

रविवारी बेल वाजली. दारात जावई, हातात फळांची पिशवी. बूट बाहेर काढून ते खुर्चीच्या टोकावर अवघडून बसले. ग्लास कुठे ठेवलेत, हेही त्यांना ठाऊक नव्हतं. तेवढ्यात आतून मुलीचा आवाज आला, "आई, पाव्हने आले. पाणी दे त्याईले."

मी ग्लास भरून त्यांच्या हातात दिला.

"अन् चहा बी ठेव," आतून हुकूम आला. जन्मात मला कोणाचा हुकूम इतका गोड लागला नव्हता.