दादाच्या वजनाचा तांदूळ

पार्ल्याच्या आमच्या इमारतीच्या मागच्या अंगाला दादाची जुनी फियाट उभी असायची. उभी कसली, बसलेलीच. मस्कतला नोकरीवर जायच्या आधी दादाने हौसेने तिच्या स्प्रिंगा कापून घेऊन ती पार जमिनीलगत आणली होती. बुटकी गाडी झकास दिसते, असं त्याचं म्हणणं. दिसायचीही. पण खड्डा आला की पुढच्या चाकांपाशी असं काही खडखडायचं की आई हातातली पिशवी छातीशी धरायची. त्याचं काय करायचं ते बघायच्या आत दादा विमानात बसला.

मला त्या गाडीतलं एकच कळत होतं, की ती मला चालवायची आहे. पंचविसावं वर्ष होतं, सांताक्रूझला नोकरी होती आणि लायसन्स काढून आठ महिने झाले होते. बाबांना विचारलं की उत्तर ठरलेलं. "त्याची गाडी आसा. गणपतीक येतलो तो." मागच्या गणपतीलाही हेच ऐकलं होतं. दादाची पत्रं एव्हाना पाच पानांवरून एका पानावर आली होती आणि त्यात यायचा विषय नसायचा. मी ती पत्रं वाचायची, बाबाही वाचायचे, पण आम्ही दोघं बहुतेक वेगवेगळी पत्रं वाचत होतो.

शेवटी मी लबाडी केली. म्हटलं, निदान खडखड काढून घेऊ, दादा आल्यावर त्याला बरं वाटेल. बाबा लगेच तयार झाले. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून मला माझीच लाज वाटली, पण मिस्त्रीला बोलवायचं तेवढं मी बोलावलंच.

अंधेरीचा मिस्त्री गाडीखाली गेला आणि दोन मिनिटांत बाहेर आला. "ताई, स्टॅबिलायझरच्या लिंकांची वाट लागलीय."

"म्हणजे काय?"

"एक आडवा दांडा असतो, या चाकापासून त्या चाकापर्यंत. वळणावर गाडी एका अंगावर पडू नये म्हणून. त्याची दोन टोकं दोन लिंकांनी खाली बांधलेली असतात. समजलं ना?"

समजलं म्हणाले. दुकानातून नव्या कोऱ्या दोन लिंका घेऊन आले, तर तो हसायलाच लागला. "या उंच गाडीच्या. तुमची गाडी खाली आली, लिंक तेवढीच लांब. मग दांडा वर जाऊन आपटणारच ना यार!" मग त्यानेच कुर्ल्याहून कोणाकडून तरी आखूड लिंका करून आणल्या, लांबी कमीजास्त करता येईल अशा आट्यांच्या. मी त्या हातात घेऊन उलटसुलट करून बघितल्या. वीतभर लोखंड आणि चार रबरं अख्ख्या गाडीला कसं सावरतात, मला तेव्हा कळलं नाही. आजही नीट सांगता येणार नाही.

रविवारी सकाळी त्याने लिंका बसवल्या, चारही चाकं जाड फळ्यांवर चढवली आणि म्हणाला, "आता सगळे गाडीत बसा. नेहमी बसता तसेच. रिकाम्या गाडीत नट आवळले तर दांडा पिळलेला राहतो. तुमच्या वजनावर आवळणार मी."

आई मागे तिच्या जागेवर जाऊन बसली. बाबा पुढे डावीकडे. मी गाडीला वळसा घालून उजव्या दाराशी गेले, तर बाबा म्हणाले, "तू मागे बस."

"मग इथे कोण?"

मिस्त्रीने खालून डोकं बाहेर काढलं. "गाडी चालवणार कोण, काका?"

"मुलगा."

"कुठाय?"

"मस्कतला."

मिस्त्रीने माझ्याकडे बघितलं. मी टायरकडे बघितलं.

बाबा उतरले, वर गेले आणि गावाहून आलेल्या तांदळाचं पोतं मिस्त्रीच्या मदतीने खाली घेऊन आले. "साठ किलो होता जाताना," असं म्हणून त्यांनी ते ड्रायव्हरच्या सीटवर ठेवलं. आई मागून म्हणाली, "तो तेव्हाचा. आता फोटोतले गाल बघितलेत?" ती स्वतः वर जाऊन गव्हाची पिशवी आणि डाळीचा डबा घेऊन आली. पिशवी पोत्यावर ठेवून तिने ती जरा सारखी केली, शर्ट ओढून नीट करावा तशी.

गॅलऱ्यांमधून लोक बघत होते. पुढे बाबा आणि धान्य, मागे आई आणि मी. मला हसू येत होतं, भयंकर रागही येत होता, आणि मध्येच वाटलं, दादाला विचारावं का, नीट बसलायस ना? राग कोणाचा, तेच ठरेना. तांदळावर रागवावं तर तो बिचारा गावचा.

नट आवळून झाले. मिस्त्री हात पुसत म्हणाला, "आता एक चक्कर मारा. मी बाहेर उभा राहून आवाज ऐकणार, त्यामुळे चालवायचं तुमच्यापैकीच कोणीतरी."

बाबांना गाडी चालवता येत नव्हती, आईचा प्रश्नच नव्हता. मग ते उतरले आणि एकेक करून डबा, पिशवी, पोतं बाहेर काढायला लागले. मला कशालाही हात लावू दिला नाही. मी उजवीकडे बसले तेव्हा परत आपल्या जागेवर बसून "हळू चालव," एवढंच म्हणाले.

फळ्यांवरून उतरवून गाडी गल्लीच्या टोकापर्यंत नेली, स्पीडब्रेकरवरून घातली, परत आणली. आवाज नाही! मी ओरडणार होते. पण मिस्त्री गाडीसमोर उकिडवा बसून दोन्ही चाकांवरची फट हाताने मापत होता.

"आवाज गेला. पण उजवीकडे दबून उभी राहतेय. काका, तुम्ही भरलं त्याच्यापेक्षा ताई लई हलक्या. दांडा त्या वजनावर बांधला गेलाय, म्हणून ती बाजू अजून खाली ओढतोय. बोला, मुलगा येईपर्यंत असंच ठेवू, का सोडून परत बांधू?"

तो नटांबद्दल विचारत होता. मागे आईची चुळबुळ थांबली. बाबा समोरच्या काचेतून बघत राहिले. आठ महिने मी ज्याची वाट बघत होते ते अगदी हाताशी आलं होतं, आणि मी काय बोलावं? "राहू दे बाबा. येईल ना तो गणपतीत." असं का म्हणाले, देवाला माहीत.

"येवचो नाय तो," बाबा म्हणाले.

मग खिडकीतून वाकून मिस्त्रीला म्हणाले, "सोड ते. ही बसलेली असताना बांध."

गाडी पुन्हा फळ्यांवर चढली. मिस्त्री खाली गेला. माझ्या पायांखाली पाना फिरल्याचा आवाज येत होता आणि मी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून हुंदके देत होते. गाडी मिळाली म्हणून की दादा गेला म्हणून, मला काही म्हणजे काही कळत नव्हतं.

"हलू नको गं," बाबा म्हणाले. "माप चुकेल."