फंगमास्तरांच्या बेचाळीस वह्या

अक्षर असलेल्या कागदावर मिस्टर फंग कधी कुणाचा पाय पडू द्यायचे नाहीत. आमच्या रोटोटुना उपनगरातल्या दुकानांपुढच्या कार पार्कमध्ये रोज सकाळी एक वाळकुडा चिनी म्हातारा कापडी पिशवी घेऊन वाकून वाकून काहीतरी वेचताना दिसायचा. सुरुवातीला मला वाटलं, बाटल्या गोळा करतो. पण त्यांच्या पिशवीत जायच्या सुपरमार्केटच्या पावत्या, पिझ्झाच्या जाहिराती, कुणाच्या तरी पोराचा फाटका होमवर्क. कोऱ्या टिश्यूकडे ते ढुंकूनही बघत नसत.

आमची ओळख झाली ती माझ्या पायामुळे. मी तिथल्याच फार्मसीत फार्मासिस्ट आहे. एकदा त्यांचं प्रिस्क्रिप्शन काउंटरवरून घसरलं आणि नेमका माझा पाय त्यावर पडला. सांगलीची सवय काही सुटलेली नाही. मी वाकले, कागदाला हात लावून तो कपाळाला लावला. वर बघते तर म्हातारबुवा डोळे विस्फारून उभे.

"तुमच्याकडेपण?" त्यांनी त्यांच्या तुटक इंग्रजीत विचारलं.

"आमच्याकडेपण. विद्या असते त्यात."

"गुड, व्हेरी गुड," ते म्हणाले आणि मग बोट वर करून, "पण कागद आमचा."

हे 'आमचा' प्रकरण पुढे सहा वर्षं चाललं. माझ्या काउंटरवरच्या माहितीपत्रकावर टकटक करायचे, "छपाई. आमची." हार्डवेअरच्या दुकानाबाहेर मांडलेल्या एकचाकी ढकलगाड्यांना जाता जाता थोपटायचे, त्याही त्यांच्याच. नोव्हेंबरात आजूबाजूला फटाके उडाले आणि सगळ्या गल्लीतली कुत्री भेदरली, की दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन मान खाली घालून सांगायचे, "दारू आमची. सॉरी." एकदा मीही ऐकून ऐकून वैतागले आणि म्हटलं, "शून्य आमचं!" त्यांनी क्षणभर विचार केला. "झीरो छान. पण लिहिणार कशावर?"

होकायंत्र हा त्यांचा सगळ्यात लाडका विषय होता. होकायंत्र नसतं तर गोऱ्यांची जहाजं इतक्या लांब आली नसती, तुम्ही इथे नसता, मी नसतो, असं ते हिशेब मांडून पटवून द्यायचे. मग इकडेतिकडे बघून प्रामाणिकपणे भर घालायचे, "माओरी मात्र आमच्या मदतीशिवाय आले. नुसत्या ताऱ्यांवर. ग्रेट पीपल."

तिकडे कँटनजवळच्या खेड्यात ते शाळामास्तर होते. त्यांच्या गावात लिहिलेले कागद वेचणारा एक माणूस होता आणि ते जाळायला विटांची वेगळी भट्टी होती. राख नदीत सोडत. "लिहिलेलं कचऱ्यात जात नाही, घरी जातं," असं ते म्हणत. इथे भट्टी नव्हती आणि अंगणात जाळायची सोय नव्हती. त्यामुळे सगळ्या पिशव्या मुलीच्या, म्हणजे ग्रेसच्या, गॅरेजमध्ये साठत गेल्या आणि ग्रेसची गाडी बारा महिने पावसात उभी राहिली. माझी नमस्काराची सवय मात्र त्यांनी उचलली. कागद वेचला की कपाळाला लावायचे आणि मला काचेतून ओरडून सांगायचे, "हे तुमचं! घेतलं!"

त्याच गॅरेजमध्ये त्यांच्या वह्या होत्या. शाळकरी मुलांच्या साध्या रेघी वह्या, लाल आणि निळ्या पुठ्ठ्यांच्या, बेचाळीस. आपल्या लोकांनी काय काय शोधलं आणि ते जगभर कसं पोचलं, हे त्यांनी नातीसाठी, क्लोईसाठी, गोष्टींसारखं लिहून काढलं होतं. अडचण एवढीच, की क्लोईला चिनी बोललेलं कळायचं, उत्तर मात्र ती इंग्रजीत द्यायची आणि वाचता तर एक अक्षर येत नव्हतं. मला हसायचा हक्क नाही. माझ्या घरी मराठीचं तेच चालू आहे. ग्रेसला छापील वाचता यायचं, पण बापाचं धावतं अक्षर तिला कधीच लागलं नाही.

एकदा क्लोई आजोबांबरोबर दुकानात आली. चौदा वर्षांची, पायात जँडल्स म्हणजे इथल्या रबरी चपला, हातात फोन. मास्तरांनी एक वही उघडली आणि तिने भाषांतर करणारं ॲप त्या पानावर धरलं. बराच वेळ धरलं.

"काय म्हणतो?" त्यांनी उत्सुकतेने विचारलं.

"म्हणतो, नो टेक्स्ट फाउंड," क्लोई चाचरत म्हणाली. "म्हणजे इथे काही लिहिलेलंच नाहीये. सॉरी, आजोबा."

मास्तर खोकला लागेपर्यंत हसले. "फोनपण आमच्याकडेच बनतो," म्हणाले. मग त्यांनी वही मिटून पिशवीत तळाशी सारली, आणि मी उगाचच कपाटातली औषधं नीट लावत बसले.

त्यांचं हृदय थकत चाललं होतं. वह्या मला वाचता येत नव्हत्या, पण प्रिस्क्रिप्शनं येत होती. अंगातलं पाणी काढणाऱ्या गोळीचा डोस वाढला, मग पुन्हा वाढला, पायांवरची सूज बुटात मावेना. पुढे काय होणार ते मला ग्रेसच्या आधी कळलं होतं आणि त्याचा कुणालाच काही उपयोग नव्हता. मी गोळ्या मोजून देत होते, बस.

शेवटचे दुकानात आले तेव्हा म्हणाले, "मिस केमिस्ट, वह्या तुम्ही घेऊन जा. क्लोईला शिकावंसं वाटेल तेव्हा तिला द्या. ग्रेस चांगली मुलगी आहे, पण तिला गॅरेज हवंय."

फ्लूच्या इंजेक्शनांची गर्दी होती, बाहेर रांग लागली होती. मी म्हटलं, "शाळेच्या सुट्ट्या संपल्या की येतेच."

"नो रश," ते म्हणाले. "कागद थांबतो."

सुट्ट्या संपायच्या आत ते गेले.

अंत्यविधीनंतरच्या आठवड्यात मी जेवणाच्या सुट्टीत धावत त्यांच्या घरी पोचले. तीन दिवस ग्रेस गॅरेज आवरत होती. रस्त्याच्या कडेच्या गवतावर पिवळ्या झाकणांचे डबे ओळीने उभे होते. शेजाऱ्यांचेही मागून आणले होते. रिसायकलिंगचा ट्रक शेवटच्या डब्यापाशी होता. त्याच्या लोखंडी हाताने डबा उचलून उलटा केला आणि पावत्यांच्या ढिगात मला लाल-निळे पुठ्ठे पडताना दिसले. मी ओरडले, दोन्ही हात हलवले. ड्रायव्हरला वाटलं मी हात करतेय. त्यानेही हसून हात केला, "किया ओरा!" असा माओरी नमस्कार केला आणि निघून गेला.

ग्रेसला सांगितलं तेव्हा ती पायरीवर बसली. "त्या वह्याही त्यातच होत्या? मला सगळं सारखंच दिसत होतं." मग तिने रडत विचारलं, "पुन्हा कागदच होईल ना त्यांचा?"

"हो," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? तिचा काडीचा दोष नव्हता. येते म्हणून न गेलेली मी होते.

तेवढ्यात क्लोई गवतावरून आमच्याकडे आली. वहीतलं एक सुटं पान तिच्या जँडलखाली आलं. ती थबकली, पाय काढला, वाकून पानाला हात लावला आणि तो कपाळाला लावला. मग पान उचलून माझ्यापुढे धरलं. "काय लिहिलंय?"

"मला नाही गं येत."

तिने पान माझ्या हातात दिलं. "मग तुम्ही ठेवा," म्हणाली. "मला आलं की मागेन."

ते पान आता माझ्या काउंटरच्या काचेखाली आहे. रोज दोन-चार चिनी गिऱ्हाइकं येतात, त्यातली म्हातारी माणसं त्याच्यावर वाकतात, कुणी हळूच हसतं, कुणी मान डोलावतं. त्यांना ते अक्षर लागतं, हे मला दिसतं. काय लिहिलंय, एवढं विचारायचं असतं. मी विचारत नाही. एका पानात काय होतं ते कळलं, तर बेचाळीस वह्यांबरोबर काय गमावलं तेही कळेल. मी त्यांच्या गोळ्या मोजते, पिशवीत घालते आणि पुढच्या माणसाला हाक मारते.