लपणारी पट्टी

मी शाळेत कॉम्प्युटर शिकवते, आणि मला एक खोड आहे: स्क्रीन देखणी दिसली पाहिजे. कॉम्प्युटर चालवणारं, फुकट मिळणारं आणि कुणालाही हवं तसं बदलता येणारं लिनक्स म्हणजे माझ्यासारखीला मोकळं रान. स्क्रीनवरच्या खिडक्यांचे कोपरे गोल करण्यात मी अख्खे रविवार घालवले आहेत. नवरा विचारतो, "काम कधी करणार त्याच्यावर?" त्याला काय कळतंय.

शाळेने जुने कॉम्प्युटर काढले तेव्हा त्यातला एक मी सासऱ्यांसाठी घरी आणला. बाबा पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले. आमच्या समाजाची वधू-वर परिचय पुस्तिका दरवर्षी तेच तयार करतात. बुऱ्हाणपूर, बहादरपूर, पार धूलकोटपर्यंतच्या मुलामुलींचं शिक्षण, उंची, मामेकुळ, सगळं त्यांच्याकडे येतं. त्या म्हाताऱ्या मशीनवर लिनक्स छान चाललं. मी मांडणी साधी ठेवली होती: खाली राखाडी पट्टी, पट्टीवर बटणं, बटणांवर नावं. बाबांनी एकेक पायरी वहीत लिहून घेतली आणि महिनाभरात टायपिंगला लागले. एका बोटाने, पण चूक नाही.

ती राखाडी पट्टी मात्र माझ्या डोळ्यांत सलायची. एका रविवारी बाबा लग्नाला गेलेले पाहून मी मशीनवर हात फिरवला. काम नसताना पट्टी आपोआप खाली लपेल असं केलं, नावं काढून नुसती चित्रं ठेवली, अक्षरं नाजूक केली, खिडक्या धुरकट काचेसारख्या. मागे केळीच्या बागेवरचं धुकं. फोटो लिनक्सवाल्यांच्या ग्रुपवर टाकला, तर दिवसभर वाहवा. संध्याकाळी बाबांना दाखवलं. ते म्हणाले, "अच्छं झालं बेटा." सुनेने हौसेने केलेल्या गोष्टीला आमच्याकडे सासरा नावं ठेवत नाही, हे मला कळायला हवं होतं.

त्यानंतर बाबा कॉम्प्युटरवर कमी बसू लागले. विचारलं तर डोळे दुखतात म्हणायचे. सकाळी अंघोळीनंतर ते पाढे म्हणायला लागले: पावकी, निमकी, औटकी. मला गंमत वाटायची. मी शाळेत मैत्रिणींना ते हसत हसत सांगितलंसुद्धा.

मग एक दिवस समाजाच्या अध्यक्षांचा फोन आला. यंदा पुस्तिकेचं काम दुसऱ्या कुणाला द्या असं बाबांनी कळवलंय, तब्येत बरी आहे ना? बाबा घरी नव्हते. नेमकं कुठे अडतंय ते पाहावं म्हणून मी त्यांची वही उघडली.

पायऱ्यांच्या खाली नव्या नोंदी होत्या. "सकाळी खालची पट्टी होती. दुपारी नाही. मी काय दाबलं?" "आज दिसली, पुन्हा गेली. काही केल्याचं आठवत नाही." त्यापुढे पानभर घरातल्या सगळ्यांची नावं, त्यांचे वाढदिवस, आणि काल जेवणात काय होतं ते.

बाबांचे थोरले भाऊ शेवटी सगळं विसरले होते. स्वतःच्या केळीच्या बागेत उभे राहून, ही कुणाची म्हणून विचारायचे. त्यांना बाबांनीच सांभाळलं होतं. वही मिटून मी बाबांची वाट बघत बसले.

बाबा आल्यावर मी त्यांना कॉम्प्युटरपुढे बसवलं. "बाबा, ती पट्टी तुमच्या हातून जात नव्हती. ती आपोआप लपते. बाण खाली नेला की वर येते. मीच तसं करून ठेवलंय."

"खुद लपते?"

"हो."

"काहून?"

"सुंदर दिसावं म्हणून."

याहून लाजिरवाणं उत्तर मी आयुष्यात दिलेलं नाही. बाबांनी बाण खाली नेला, वर आणला, पुन्हा नेला. चार-पाच वेळा तेच. मग म्हणाले, "म्हंजे मी भुलत नव्हतो. मले वाटलं, दादासारखं सुरू झालं."

मी त्यांची माफी मागितली. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, ते मी दुसऱ्याच्या नाकावर करून पाहिलं होतं. देखणेपणाशी माझं आजही भांडण नाही. माझ्या मशीनवर पट्टी अजून लपते, कारण ती कुठे गेली हे मला ठाऊक असतं. बदलायची मोकळीक हेच लिनक्सचं मोठेपण, असं मी वर्गात सांगते. बाबांच्या मशीनवर ती मोकळीक बाबांची होती, आणि मी त्यांना साधं विचारलंही नव्हतं.

मी राखाडी पट्टी परत आणली. या खेपेला बाबा शेजारी बसून सांगत होते: अक्षर अजून मोठं, नाव इथं, ते धुकं काढ. सगळं मनासारखं झाल्यावर ते उठले आणि स्वयंपाकघरात गेले. सासूबाई भाकरी थापत होत्या.

"कपाटाच्या चाव्या दे," बाबा म्हणाले.

"तुम्हीच तं दिल्या ना मागच्या महिन्यात? बोलले, आता तूच सांभाळ. काय झालं?"

हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

"काही नाही. दे."

सासूबाईंनी पिठाच्या हातानेच कमरेचा जुडगा काढून दिला. बाबांनी तो मुठीत धरला आणि एकेका चावीवरून अंगठा फिरवत नावं घेतली: कपाट, तिजोरी, कोठी, मागचं दार. एकही चुकलं नाही. मी दारात उभी होते, आणि मला रडू आवरलं नाही.